रस्त्याची रुंदी जमिनीवर मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीचं काम केलं. नोकरीला लागलो तेव्हा हातात ३३ फुटांची साखळी होती, निवृत्त झालो तेव्हा ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन होतं. २०१४ पासून पुण्याच्या पूर्वेला वाघोलीत राहतो. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर एका रविवारी सकाळी आमचा वॉचमन आणि मी टेप घेऊन निघालो आणि नगर रस्त्यापासून सोसायटीच्या गेटापर्यंतचा रस्ता नऊ ठिकाणी मोजला. सगळ्यांत रुंद जागी तो ६.१० मीटर भरला. विजेच्या खांबापाशी, जिथे दुसऱ्या बाजूला ओढ्याची कड ढासळली आहे, तिथे ४.३०. पाण्याचा टँकर आणि स्कूलबस समोरासमोर आले की एकाला मागे मागे जात वाट करून द्यावी लागते, ती हीच जागा.

आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात हाच रस्ता १८ मीटरचा आहे. घर घेताना तो नकाशा मी स्वतः पाहिला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

या रस्त्याची जुनी ओळखही सांगतो. गाव नकाशावर तो दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला आहे. आमच्या खात्यात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. भरलेली बैलगाडी जाईल आणि शेजारून एक माणूस चालेल, एवढाच त्यामागचा हिशेब. एकवीस फुटांचे मीटर केले तर ६.४० होतात. म्हणजे मी मोजला तो गाडीमार्गच होता. कुठेही वाढलेला नाही, आणि खांबापाशी तर गाडीमार्गापेक्षाही अरुंद झाला आहे. त्याच्यावर आज अकरा सोसायट्या उभ्या आहेत आणि बाराव्या प्रकल्पाचं खोदकाम चालू आहे.

हे असं होतं कसं? डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास राज्यभर आलेल्या युडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत, आणि त्याआधीच्या नियमांतही, इमारतीला किती एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम, मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं. रस्ता रुंद तर बांधकाम जास्त. तत्त्व अगदी योग्य आहे, कारण जितकी माणसं तितका रस्ता हवाच. पण आमच्या इथे इमारतींची उंची ठरली ती नकाशावरच्या १८ मीटरवरून, आणि त्यात राहायला आलेल्या माणसांच्या वाट्याला आला तो जमिनीवरचा सहा मीटरचा गाडीमार्ग. मधल्या बारा मीटरची जमीन कोण घेणार, कोणत्या पैशातून घेणार आणि कधी घेणार, हे परवानगीच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही.

आणि पैसे घेतले गेलेले नाहीत असं म्हणावं, तर तसंही नाही. नगररचना कायद्यात १९९२ पासून विकास शुल्क आहे. प्रत्येक प्रकल्प ते रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी बाजारमूल्याच्या, दराने भरतो आणि शेवटी ते सदनिकेच्या किमतीत येतं. आम्ही घर घेतलं तेव्हा वाघोली ग्रामपंचायत होती, त्यामुळे मुद्रांक शुल्कासोबत जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार भरला. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर घेणारा मेट्रोसाठी आणखी १ टक्का भरतो. शिवाय घरपट्टी वेगळीच. रामवाडी ते वाघोली मेट्रोला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमच्या गेटापासून त्या स्टेशनपर्यंत माणूस चालत कसा जाणार? रस्त्याला फुटपाथ करायला जागाच नाही.

३० जून २०२१ ला वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या वेळी बांधकाम परवानगीचे अधिकार मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवले गेले. परवानगी आणि तिचं शुल्क एका दारात, रस्ता, पाणी आणि ड्रेनेज दुसऱ्या दारात. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेला पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्दच झाला. गावची ग्रामपंचायत गेली आणि पालिकेची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षं या गावांना निवडून दिलेला स्वतःचा एकही माणूस नव्हता. एवढ्या काळात इथे किती माणसं आली याची अधिकृत मोजदादही नाही, कारण शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हाच पुणे जिल्हा दहा वर्षांत ३० टक्क्यांनी वाढला होता, राज्य १६ टक्क्यांनी.

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या बी विंगमधल्या काकूंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वीस मिनिटांत नगर रस्त्यावर पोचली आणि आत वळल्यावर खांबापाशी अडकली, कारण समोर काँक्रीटचा मिक्सर होता आणि त्याच्या मागे रांग लागलेली. तिघा पोरांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून गुडघाभर खड्ड्यांतून गाडीपर्यंत नेली. काकू वाचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीतल्याच केसनंद फाट्यापाशी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला आणि तिघे दगावले, त्यांत दोन तान्ही लेकरं होती. चालक दारू प्यायलेला होता, दोष त्याचाच. पण शहर वाढवणारे डंपर, मिक्सर आणि टँकर इथल्या रहदारीत रात्रंदिवस मिसळलेले आहेत, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

रुंदीकरणात ज्यांची जमीन जाते त्यांच्यातले एक शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा गट नंबर या रस्त्याला लागून आहे. ते म्हणाले, "साहेब, द्यायला ना नाही. पण टीडीआरचा कागद घेऊन मी कुठं फिरू? रोख द्या, उद्या खुणा रोवा." टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. त्यांचं काय चुकलं? आणि रोख द्यायची तर काय होतं हे कात्रज-कोंढवा रस्त्यावर सगळ्या पुण्याने पाहिलं. ८४ मीटरच्या त्या रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, भूसंपादनाच्या खर्चापायी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. आधी इमारती होऊ द्यायच्या, जमिनीचे भाव चढू द्यायचे आणि मग रस्त्यासाठी त्याच चढ्या भावाने जागा घ्यायची, हा क्रम कोणत्याही तिजोरीला झेपणारा नाही.

नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. देशातला तसा पहिला कायदा मुंबई इलाख्यातच १९१५ मध्ये झाला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यांतून आधी रस्ते काढायचे, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला तोंड असलेला भूखंड परत द्यायचा. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण भागात हे हाती घेतलेलं आहे. माझ्या आधीच्या पिढीच्या मोजणीदारांनी विखुरलेले शेतीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत गावंच्या गावं सर्व्हे नंबरांवरून गटांवर नेली. तेव्हा भांडणं खूप झाली, पण काम झालं. पूर्वेकडे अजून मोकळी शेतं आहेत. तिथे इमारतींच्या आधी हे करता येईल. आमच्या रस्त्यासाठी ती वेळ गेली.

आमच्यासारख्या रस्त्यांसाठी माझं मागणं कमी आहे. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याचा दाखला, देण्याआधी मोजणीदाराने रस्त्यावर टेप लावावी, आणि जेवढा रस्ता प्रत्यक्ष वापरात आहे तेवढ्यावरच एफएसआय मोजावा. उरलेला एफएसआय जागा ताब्यात आल्यावर द्यावा, म्हणजे ती जागा मिळवण्याची घाई बिल्डरलाही राहील. दुसरं, कोणत्या रस्त्यावरच्या प्रकल्पांनी किती विकास शुल्क भरलं आणि त्यातलं त्या रस्त्यावर किती लागलं, याचा तक्ता पालिकेने प्रभागवार लावावा. आमच्या अकरा सोसायट्यांनी पावसाळ्याआधी घरटी ५०० रुपये काढून मुरूम आणि क्रशरची कच टाकली. त्या खर्चाचा पैसा न् पैसा नोटीस बोर्डावर लावलेला आहे. शुल्काचा तसाच हिशेब आम्हाला पाहायला मिळावा, एवढंच.

नऊ ठिकाणच्या मोजमापांचा कागद मी आमच्या प्रभागातल्या चारही नव्या नगरसेवकांना देणार आहे. त्यांच्यातलं कुणी येणार असेल तर रविवारी सकाळी सातच्या आत यावं, टँकर सुरू व्हायच्या आधी. टेप माझ्याकडे आहे. दुसरं टोक धरायला वॉचमन तयार आहे, पण ते त्यांनी स्वतः धरावं अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, वाघोली, पुणे