दुसरी लाइन आहे, पण राउटरला ती ठाऊक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्याचे काम निघाले की फायबर केबल तुटणार, हे आपल्याकडे आता गृहीतच धरले जाते. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. मी गेली काही वर्षे नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत नेटवर्कची कामे करतो. मध्यंतरी एका कारखान्याची सातपूर–अंबड लाइन तुटली आणि कॉलेज रोडवरील कार्यालयामार्गे जाणारी दुसरी लाइन धडधाकट असतानाही गोदामातील बिलिंग दुपारभर ठप्प झाले. त्या लाइनचे भाडे मात्र दरमहा भरले जात होते.

कारण साधे होते. राउटरमध्ये, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा ते ठरवणाऱ्या यंत्रात, सगळे मार्ग हाताने लिहिलेले, म्हणजे स्टॅटिक रूट होते. केबल रस्त्यात तुटली तरी कारखान्यातील मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि राउटरची तांब्याची केबल यांना जोडणारी पेटी) चालूच असल्याने राउटरला आपले पोर्ट, म्हणजे केबल जोडण्याची जागा, सुरू दिसत राहिले आणि तो निमूटपणे डेटा त्याच तुटक्या वाटेने पाठवत राहिला. ओएसपीएफसारखा डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसांत बोलून मार्ग आपोआप ठरवण्याची नियमावली, असता तर असे झाले नसते. त्यात शेजारी राउटर इथरनेट लिंकवर सहसा दर 10 सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ संदेश पाठवतात. 40 सेकंद काहीच आले नाही, तर तो शेजारी गेला असे मानून प्रत्येक राउटर डायक्स्ट्राच्या गणिती पद्धतीने सर्वांत कमी ‘खर्चाचा’ मार्ग नव्याने काढतो. हा खर्च पैशांचा नव्हे; तो लाइनच्या वेगावरून ठरणारा आकडा असतो, वेग जास्त तितका तो कमी. हा प्रोटोकॉल नवा नाही. त्याच्या आजही वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे मानक 1998 सालचे आहे.

मात्र तो नुसता चालू करून भागत नाही. अनेक राउटरमध्ये खर्चाचे गणित मुळात 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) हा संदर्भवेग धरून केलेले असते, त्यामुळे 100 एमबीपीएस आणि त्याच्या दहापट वेगाची 1 जीबीपीएस या दोन्ही लाइनींचा खर्च 1 या किमान आकड्याइतकाच निघतो आणि संथ लाइनही वेगवान लाइनच्या बरोबरीने वापरली जाते. तो संदर्भवेग सर्व राउटरवर सारखाच वाढवून द्यावा लागतो. एरिया (नेटवर्कचा विभाग), सबनेट मास्क (पत्त्यांच्या गटाचा आकार सांगणारा आकडा) किंवा हॅलोची वेळ दोन्ही बाजूंना जुळली नाही, तर राउटरचे शेजारपणच जमत नाही. मला सर्वांत खटकते ते असे की, कर्मचाऱ्यांचे संगणक जोडलेली पोर्ट ‘पॅसिव्ह’ केली जात नाहीत, म्हणजे तिथले हॅलो बंद केले जात नाहीत, आणि शेजाऱ्याची ओळख पटवणारी गुप्त की (पासवर्डसारखी) घातली जात नाही. मग भिंतीवरच्या सॉकेटला कोणी आपला राउटर जोडला, तर तो साऱ्या नेटवर्कला खोटे मार्ग सांगू शकतो.

म्हणून शहरातील कारखानदार, रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांना माझी विनंती आहे की, कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्याला आपल्या समोर मुख्य लाइनची फायबर उपसायला सांगावी. ती राउटरजवळ नव्हे, तर पलीकडच्या टोकाला उपसावी आणि दुसऱ्या लाइनवरून काम किती सेकंदांत सुरू होते, ते घड्याळ लावून पाहावे.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, सातपूर, नाशिक