देवपुरातल्या त्या तिघांचे आभार

धुळ्याची डिसेंबरची पहाट, घरात नऊ दिवसांची बाळंतीण लेक, आणि गॅस गिझरमधून थंडगार पाणी! ठिणगी पडायची, ज्योत पेटायची, लगेच विझायची. दीड-दीड व्होल्टचे दोन्ही सेल बदलले, सिलिंडर बदलला. काही उपयोग नाही.

"काय व्हयनं वो माय?" म्हणत समोरच्या मावशींनी स्वतःच्या बंबातलं कढत पाणी बादलीभर आणून दिलं. सलग तीन दिवस.

हार्डवेअरवाल्या भाऊंनी नवा गिझर गळ्यात मारला नाही. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून दाखवली. बोअरच्या क्षारांनी पार बुजलेली. दाब कमी पडला की आतला पडदा मागे सरकतो आणि गॅस बंद होतो. जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केली. पैसे घेतलेच नाहीत.

आणि वरच्या मजल्यावरचे काका. बाळाला वारा लागू नये म्हणून मी न्हाणीघराचा झरोका पुठ्ठ्याने बुजवला होता. काकांनी आल्याआल्या तो ओढून काढला. जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला ना वास ना रंग; कोंडलेल्या जागेत माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ते ऐकून माझे पायच लटपटले. काका, तुमचे उपकार कसे फेडू?

गुरुवारी बारसं आहे. तिघांनीही घरच्यांसकट यायचंच.