चारी

प्रिय सुध्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील, तो तुझा हक्कच आहे. मी बरा आहे, साखर आटोक्यात आहे.

अण्णांना झटका आल्याचं तुला कळलंच असेल. त्याला महिना झाला. उजवी बाजू गेली, गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी आहे. दर दोन तासांनी मीच भरवतो. आधी सिरिंजने ओढून बघायचं. पोटातला रस आला की समजायचं, नळी जागेवर आहे. मग उशी उंच करून पातळ पेज आणि शेवटी साधं पाणी, नाहीतर गोळ्यांचा चुरा बसून नळी तुंबते. अगदी गाळ बसल्यासारखी.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. अण्णांचे शब्द गेले रे. डॉक्टर वाचाघात म्हणतात. माझं नाव येत नाही, आईचं येत नाही. उरलेत ते नीरा डाव्या कालव्यावरचे, पाटकरी म्हणून शेतांना पाणी सोडतानाचे शब्द. नाकातली नळी म्हणजे चारी, कालव्यातून शेताकडे पाणी नेणारा छोटा पाट. सलाइनची चारी, लघवीचीही चारीच. सिरिंज दिसली की पाणी सोडायची वेळ झाल्यासारखं विचारतात, "पाळी कुणाची?" मी म्हणतो, "तुमचीच, अण्णा." मग शांत डोळे मिटतात. परवा सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, नळी म्हणा, नळी." मला फार राग आला. एकाच नळीत आपण काय काय कोंबलंय! चुलीची फुंकणी नळी, बंदुकीची नळी, मटणातली नळी (जत्रेत तू माझ्या ताटातली पळवलीस, विसरलो नाही), आणि गुरुजी आपल्या दोघांकडे बघून म्हणायचे ती 'नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे'. मुळात संस्कृतातला नल म्हणजे पाण्याकाठचं पोकळ गवत. मग पाटकऱ्याने नळीला चारी म्हटलं तर काय बिघडलं? तू भांडायचास, नळी बंद असते, चारी उघडी. अण्णांच्या लेखी टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, शेतापर्यंत पाणी पोचवते ती चारी.

आता खरी काळजी. डॉक्टर म्हणतात, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, पोटाला छिद्र पाडून थेट तिथेच नळी बसवू. मी अण्णांना हळूहळू सगळं समजावलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोटचारी." मोठ्या चारीतून फुटणाऱ्या लहान चारीचा शब्द. नंतर डाव्या हाताने चारीचं दार खाली सोडल्यासारखं केलं. सुध्या, हा होकार की नकार? दार पाडायचं म्हणजे नाकातली बंद करून पोटातली सुरू करायची, की सगळंच बंद? बहीण म्हणते, करून टाक. मला सही करवत नाही.

हे तुलाच विचारतोय, कारण तुझ्या काकांच्या उसासाठी आपण रात्री दार उचललं, तेव्हा पहाटे येऊन अण्णांनी असंच, एका हाताने, एक शब्द न बोलता ते पाडलं होतं. मी चुगली केली नव्हती, आज शपथेवर सांगतो. टेलचं पाणी उतरलं आणि त्यांना कळलं.

घराचा स्लॅब टाकून झाला का? वहिनींना नमस्कार. चिनूला बारावीसाठी शुभेच्छा.

डॉक्टरांना सोमवारी सांगायचंय. रविवारी ये. त्यांच्या डाव्या बाजूला बस आणि पूर्वीसारखं विचार, "अण्णा, दार उचलू का?" ते हात कसा हलवतात, ते आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
बाळ्या