आमच्या तळघरात नेट आणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. त्या दिवशी निघताना तुम्हाला नीट 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही, कारण माझी मीटिंग सुरू झाली होती आणि तळघरात बसून पहिल्यांदाच मला सगळ्यांचे चेहरे हलताना दिसत होते. ते सोडून उठवलं नाही. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांना कळावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. तुम्हीच "नको हो ताई, उगाच" म्हणाला होतात.

तळघर म्हटलं की शहरातल्या माणसांना भलतंच काहीतरी वाटतं. आमच्या रत्नागिरीकडे उतारावर घर बांधलं की रस्त्याच्या अंगाला एकच मजला दिसतो आणि समुद्राच्या अंगाला खाली आणखी एक खोली निघते, तीच ही. तिथे आंब्याची अढी, नारळ, आमसुलांच्या बरण्या आणि गेली दोन वर्षं एक टेबल आणि मी. पुण्याच्या एका ऑफिसचे हिशेब मी तिथून बघते. वर टीव्ही, मिक्सर आणि येणारा-जाणारा, खाली गारवा. फक्त नेट नव्हतं. मीटिंग असली की छत्री घेऊन विहिरीजवळच्या फणसाखाली उभी राहायचे, तिथे मोबाईलला दोन काड्या येतात. अंगावर मुंग्या चढत असताना जीएसटीवर बोलून बघा एकदा.

तुमच्या आधी तिघे झाले. फोनवरच्या बाईंनी राउटर बंद करून चालू करायला सांगितला, मग प्लॅन वाढवायला सांगितला. आम्ही वाढवला, 40 एमबीपीएसचा (म्हणजे नेटचा वेग) 100 चा केला. वर माजघरात 94 दिसायचे, खाली 2. दुसऱ्याने अडीच हजारांचा रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, गळ्यात मारला आणि तो थेट माझ्या टेबलाशेजारी लावून गेला. तिसरे गृहस्थ भिंतीवर थाप मारून म्हणाले, "चिऱ्याचं घर आहे, इथे काय होणार नाय." आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काहीतरी विचारलं तर त्यांना "आजोबा, तुम्ही हात लावू नका, तुम्हीच बिघडवत असणार" असं उत्तर मिळालं. आप्पा विजा चमकल्या की घरातल्या सगळ्या पिना काढतात, त्यावरून. त्यानंतर आप्पा माजघरातल्या त्या कोपऱ्याकडे फिरकेनासे झाले.

तुम्ही आलात, चपला बाहेर काढल्यात आणि पहिली गोष्ट म्हणजे अर्धा तास कशालाच हात लावला नाहीत. नुसता फोन घेऊन घरभर फिरलात. मग मला सांगितलंत की दीड फूट चिरा, वर स्लॅब, मागे डोंगराची माती, आणि पावसात चिरा पाणी पितो, ओल्या भिंतीत सिग्नल आणखीच जिरतो. 5 गिगाहर्ट्झवाला तर जिन्यातच बसतो, 2.4 वाला जेमतेम खाली उतरतो. रिपीटरकडे बघून म्हणालात, "ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढच्याला काय सांगणार?" मी अजून हसते ते आठवून.

आणि मग, नवीन काही विकायच्या ऐवजी, "जुना राउटर टाकला नाही ना?" असं विचारलंत. कपाटातून तो काढला, वरून खाली एक केबल टाकलीत आणि त्यालाच कामाला लावलंत. त्यातलं सगळं काही मला कळलं नाही. "घरातल्या फोन-कॉम्प्युटरना नेटचे पत्ते वाटणारा राउटर एकच हवा, म्हणून याचं ते काम बंद केलंय" एवढं लक्षात आहे. आणि केबलच्या टोकाला त्या आठ बारीक तारा चिमटीत धरून पाढे म्हणावेत तसे रंग पुटपुटत होतात, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, ते. चारच तारा लावून भागवतात काही जण, मग पुढे कितीही मोठा प्लॅन घ्या, 100 च्या वर जात नाही, हेही तेव्हाच कळलं. भिंतीला भोक पाडताना खाली कागदाचा द्रोण धरलात, आमसुलांच्या बरण्यांवर पेपर घातलात, आणि भोकाला बाहेरच्या बाजूला उतार दिलात, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. आमच्या गवंड्याला हे सुचलं नव्हतं.

पण मी लिहायला बसले ती यासाठी नाही.

सगळं झाल्यावर तुम्ही कागद मागितलात. मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंत: विजा चमकल्या की वरची आणि खालची, दोन्ही पिना काढा. केबलही काढा. लाईट आली की आधी वरचा डबा लावा, दिवा स्थिर झाला की खालचा. मला वाटलं कागद माझ्या हातात द्याल. तुम्ही आप्पांना हाक मारलीत. "आप्पा, तुम्ही पिना काढता ते बरोबरच आहे, या घरात तेवढं एकच काम कोणीतरी नीट करतंय." मग कागद भिंतीला धरून विचारलंत, "इथे वाचता येतो का?" आप्पांची कंबर वाकलेली आहे. तुम्ही कागद खाली घेतलात, आणखी थोडा खाली, ते "हां" म्हणेपर्यंत. आम्हाला वाचायला आता वाकावं लागतं.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडे फार मोठमोठं बोललं जातं, देवळाच्या पाटीवर नावं लागतात. मला हल्ली वाटतं, म्हाताऱ्या माणसाची नजर कुठवर पोचते ते बघून कागद चिकटवणारा माणूस घरात यावा, बाकीचं होतं मग. असो, मीही प्रवचन द्यायला लागले.

परवा रात्री जोराचा पाऊस झाला. आप्पांनी साडेदहाला उठून पिना काढल्या, सकाळी लावल्या, कागद मोठ्याने वाचत. माझा नवरा मदतीला गेला तर त्याला म्हणाले, "तू हात लावू नको."

खाली 88 येतात आता, तुमच्या माहितीसाठी. आणि तुमचा काळा मार्कर आमच्याकडे राहिलाय. या बाजूला आलात की न्या. दुपारी दोन ते चार मात्र नको, आप्पा झोपलेले असतात, आणि मार्कर मीच देणार असं त्यांनी सांगून ठेवलंय.

तुमची,
तळघरातली ताई