ब्रिज बसवता, तसा त्याखालून धागा काढायलाही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दातांच्या दवाखान्यांना एकच विनंती करायची आहे. काढलेल्या दाताच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना जोडलेला खोटा दात, बसवला की पेशंटला खुर्चीतून उठवण्याआधी त्याच्या हातात आरसा द्या आणि ब्रिजखालून धागा कसा काढायचा, ते त्याच्याकडूनच एकदा करून घ्या. नुसतं ‘स्वच्छता ठेवा हं’ म्हटल्याने काहीच कळत नाही. मला तरी तेवढंच सांगण्यात आलं होतं.

मी सातपूर कॉलनीत ब्लाउज शिवते. माझी खालची एक दाढ काढावी लागली, तिच्या जागी ब्रिज आहे. शेजारचे दोन दात घासून त्यांवर कॅप चढवतात आणि त्या दोन कॅपांच्या मध्ये खोटा दात जोडलेला असतो. मधल्याला मूळ नसतं, तो हिरडीवर नुसता टेकलेला. मिसळीतलं फरसाण, मटकीची सालं, द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षाची सालं, सगळं त्याच्या पोटाखाली जाऊन बसतं. वरून ब्रश कितीही फिरवा, तिथे पोचत नाही. साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, तोही वरून उतरत नाही, कारण तिन्ही दात एकसंध.

बायकांचा समज असा की कॅप बसली, आता कीड लागायची नाही. कॅपला लागत नाहीच. पण कॅपची कड संपते तिथून आतल्या खऱ्या दाताला लागते. त्याचं रूट कॅनाल झालेलं असेल, म्हणजे आतली नस काढलेली असेल, तर तो ठणकतही नाही. लक्षात येतं तेव्हा ब्रिज हलायला लागलेला असतो. आधाराचा एक दात गेला की बहुतेक वेळा अख्खं काम पुन्हा.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. थ्रेडर म्हणून प्लास्टिकचा लवचीक फास मिळतो. परकराच्या नेफ्यात सेफ्टी पिनेने नाडी घालतो ना, तेच काम. दोन वीत फ्लॉस घेऊन फासात ओवायचा. थ्रेडरचं टोक गालाच्या बाजूने ब्रिज आणि हिरडी यांच्या मधून आत, जिभेकडे काढायचं. मग धाग्याची दोन्ही टोकं धरून खोट्या दाताच्या खालून मागेपुढे फिरवायचा, शेजारच्या दोन्ही दातांच्या कडांनाही हळूच घासायचा. झालं की एक टोक सोडून धागा आडवा ओढून घ्यायचा, वर हिसकायचा नाही. रात्री झोपण्यापूर्वी एकदा. सुपरफ्लॉस नावाचा धागा येतो, त्याचं टोक मुळातच कडक असतं, त्याला थ्रेडर लागत नाही. फटीत घालायचे बारीक ब्रशही असतात. माप डॉक्टरांना विचारूनच घ्यावं आणि जात नसेल तर जोर करू नये.

सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त येतं आणि माणसं घाबरून सोडून देतात. सुजलेली हिरडी साफ होऊ लागली की ते बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर दवाखाना गाठावा, मधुमेह असेल तर लवकर. मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, पण अडकलेलं निघत नाही. टाचणी, काडेपेटीतली काडी, सुई तोंडात घालू नये. मशेरीबद्दल बोललं की माझी गिऱ्हाइकं रुसतात, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात राहत नाहीत.

आमच्या धंद्यातल्यांसाठी आणखी एक. दोरा दातांनी तोडून तोडून पुढच्या दातांना खाच पडते. अनुभवी डॉक्टर तोंड बघून शिवणकाम ओळखतात. ब्रिज पुढचा असेल तर त्या सवयीने पोर्सिलेनचा टवका उडू शकतो. कात्री गळ्यात अडकवून ठेवावी.

आता नाशिकबद्दल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, राज्यभरच्या कितीतरी दंतवैद्यांच्या पदव्या तिथून निघतात. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. ब्रिजच्या निगेचं साध्या मराठीतलं एक पानी पत्रक या शहरातून निघायला काय हरकत आहे? आणि गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक बाजारातून माल उचलणाऱ्या मेडिकलवाल्यांनी साध्या फ्लॉसबरोबर थ्रेडरची पाकिटंही आणावीत. आमच्या भागात थ्रेडर मागितला की दुकानदार टूथपिकची डबी पुढे करतो.

धागा कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो, हे वाचून नीट उमगत नाही. आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या दंतवैद्याकडून तपासून घेतलेलं चित्र छापाल का? म्हाताऱ्यांना दिसेल एवढं मोठं छापा.

आपली,
सातपूर कॉलनीतील एक वाचक, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)