घाट उतरण्याआधी

बेळगाव

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत तू पुण्याहून सायकल घेऊन येणार आणि इथून निघून एकाच दिवसात जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरून, साखळी-डिचोलीमार्गे दोडामार्ग गाठून, तिलारीचा घाट चढून रात्रीच्या जेवणाला घरी येणार, हा बेत तुझ्या पत्रावरून कळला. सायकलने जाण्याला माझी हरकत नाही. ती असती तर शाळेत असताना तुला बाबांची काळी सायकल घेऊन राकसकोपपर्यंत जाऊच दिले नसते. माझी हरकत आहे ती या वाटेच्या क्रमाला, आणि एवढे सारे एका दिवसात बसवण्याला.

तू पुण्यात ज्या चढांवर तयार झालास, ते सगळे एका जातीचे आहेत. सिंहगडला जाताना आधी चढ लागतो आणि नंतर उतार, त्यामुळे अर्ध्यात दम संपला तर सायकल फिरवून उताराने घरी जाता येते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे, आणि चोर्ला, आंबोली किंवा तिलारी यांपैकी कोणत्याही घाटमाथ्यावर तू बेळगावहून निघालास तर लहानमोठे चढउतार सोडता फारसे न चढताच पोहोचतोस. मग पाय ताजे असताना, हवा गार असताना, घाट उतरून कोकणात जातोस. देणे सगळे परतीच्या वाटेवर असते आणि ते दुपारच्या उन्हात, दमट हवेत, दिवसभराच्या थकव्यानंतर फेडावे लागते. तिथून माघारी फिरण्यात काही अर्थ उरत नाही, कारण घर वर आहे.

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ती ठरल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, तू साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केलीस, याचे कौतुक मला आहेच. पण त्या मुदतीत अंधाराचे तासही धरलेले असतात. डिसेंबरअखेर आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. तुझा फेरा दीडशे किलोमीटरांहून मोठा आहे, आणि त्याचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे तिलारी, तुला तिसऱ्या प्रहरानंतर लागणार. तो रस्ता मुळात जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला आहे आणि त्याची काही वळणे इतकी उभी आहेत की जड वाहनांनाही ती नकोशी होतात. वर पोहोचेपर्यंत अंधार पडेल. दोडामार्ग आणि चंदगडच्या त्या पट्ट्यात रानटी हत्तींचा वावर आहे, गवे तर सगळीकडेच आहेत. त्यातून गळिताचा हंगाम असल्याने पाटणे फाट्यापासून शिनोळी, बाचीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतील, आणि त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. हत्तीपेक्षा मला त्या ट्रॉल्यांचीच धास्ती अधिक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की दोन दिवस घे आणि फेरा उलटा कर. पहिल्या दिवशी हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा या वेंगुर्ला रस्त्याने चंदगड तालुका ओलांडून आंबोलीला जा, घाट उतरून दाणोलीवरून सावंतवाडी गाठ, आणि तिथून बांदा, दोडामार्ग करीत संध्याकाळी डिचोलीला मुक्काम कर. दुसऱ्या दिवशी उजाडताच साखळीवरून केरीला ये. अंजुणे धरणापाशी चढ सुरू होईल तेव्हा ऊन अजून झाडांच्या वरच असेल, आणि चोर्ल्याच्या दाट रानातली सावली बराच वेळ तुझ्या सोबत राहील. तिलारी या खेपेला सोडून दे. तो चढायला फार कठीण आहे आणि उतरायला त्याहून वाईट.

आता थोडे गणित सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हे तू जाणतोसच. तुझ्या सायकलीला पुढे लहान दातेरी चाक ३४ दात्यांचे आणि मागे मोठ्यात मोठे ३२ दात्यांचे आहे, असे तूच लिहिले होतेस. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जेमतेम एक फेरा घेते आणि तू सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जातोस. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर ताशी साडेनऊ किलोमीटर होतात. चोर्ल्याला तेवढा वेग पुरे. बाबांच्या काळ्या सायकलीला ४४ आणि १८ दाते होते, एका फेऱ्याला सव्वापाच मीटरांहून अधिक अंतर पडे, आणि म्हणूनच तालुक्याच्या पश्चिम भागातून शहरात दूध घालणारे लोक कॅन लावलेली सायकल चढावर मुकाट्याने उतरून ढकलत. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतसुद्धा पिरेनीज पर्वत १९१० साली आला, पण चालता चालता गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर ते लोक खाली उतरून, मागचे चाक काढून, उलटे बसवून दुसऱ्या बाजूचे दातेरी चाक लावीत. तेव्हा लहान गिअर वापरण्यात कमीपणा मानू नकोस. पहिल्या किलोमीटरपासूनच तो लाव, पाय भरून आल्यावर नव्हे. एवढ्या कमी वेगाला अंगावर वारा लागत नाही आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा, आणि एका बाटलीत मीठ-साखर किंवा कोकम सरबत ठेव.

चढाने माणूस दमतो, पण जिवावर बेतते ते उतारावर. तुझे आणि सायकलीचे मिळून वजन ८० किलो धरले आणि आंबोलीचा उतार ६०० मीटरांचा धरला, तर खाली येईपर्यंत सुमारे ४ लाख ७० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. साध्या तापमानाचे जवळजवळ १.४ लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. यातला काही वाटा हवा घेते. उरलेला तुझे ब्रेक घेतात. तुझ्या सायकलीचे ब्रेक रिमवर दाबणारे असल्याने ती उष्णता थेट रिममध्ये, आणि रिममधून ट्यूबमध्ये जाते. जो भीतीने सबंध घाट ब्रेक अर्धवट दाबून उतरतो, त्याचीच ट्यूब तापून फुटण्याची शक्यता अधिक. सरळ तुकड्यात ब्रेक सोड, हवेला तिचे काम करू दे, आणि वळणाच्या अलीकडे दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग उतरव. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात नको. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर भार दे, आणि नजर जिथे जायचे तिथे ठेव. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे तुला नववीत मीच शिकवले आहे. आंबोलीच्या वळणांवर एस.टी. आणि पर्यटकांच्या गाड्या बिनदिक्कत तुझ्या बाजूला येतात, शिवाय धबधब्यापाशी हिवाळ्यातही कातळातून पाझरलेले पाणी रस्त्यावर असू शकते आणि खाऊच्या आशेने माकडे मधोमध बसलेली असतात. माथ्यावरून घामेजलेल्या अंगाने थेट उतरू नकोस. सदऱ्याच्या आत छातीवर जुने वर्तमानपत्र घाल. शर्यतवालेही हेच करीत आले आहेत, आणि रद्दी आपल्या घरात भरपूर आहे.

चोर्ल्याचा माथा आला की घर आले, असे वाटेल. तसे समजू नकोस. तिथून बेळगाव अजून पन्नासेक किलोमीटर आहे आणि रस्ता सतत वरखाली होतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांब, पोटभर खा. मलप्रभा तिथेच उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि त्याच खानापूरच्या रानातून निघालेली म्हादई पश्चिमेला, तू आदल्या संध्याकाळी ज्या गोव्यात मुक्काम केलास तिकडे. भूगोलाच्या पुस्तकात मी हा जलविभाजक कित्येक मुलांना नकाशावर दाखवला. तुला तो पायांनी कळेल. कणकुंबी ते जांबोटी रस्ता पावसाळ्यानंतर जागोजाग उखडलेला असतो. दुरुस्ती होते, पुन्हा पाऊस येतो. तुझे अरुंद टायर तिथे फार फुगवलेले नकोत, आणि सुट्या ट्यूब एकीऐवजी दोन आण. भीमगडच्या रानाला लागून असलेल्या त्या पट्ट्यात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून चढ सुरू करण्याआधी केरीहून फोन कर.

खाण्यासाठी मी उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू देईन. तुमच्या त्या पाकिटातल्या गोड चिकट पदार्थांपेक्षा रताळे पोटाला बरे, आणि डिसेंबरात आपल्या बाजारात ते उत्तम मिळते. बाबांचा विचार गाडी घेऊन केरीपासून तुझ्या मागोमाग येण्याचा आहे. मी त्यांना स्पष्ट नको म्हटले आहे, परंतु त्या दिवशी त्यांना माउलीच्या दर्शनाची अचानक ओढ लागेल, असा माझा अंदाज आहे. कणकुंबीला ते दिसले तर आश्चर्य वाटल्यासारखे कर.

ब्रेकचे रबर नवीन घेतलेस की नाही ते उलट टपाली कळव, आणि डिचोलीची खोली आजच ठरव. नाताळात त्या बाजूला ऐनवेळी जागा मिळत नाही.

तुझी,
आई