खासगी गाडीही ‘मोटार वाहन’च

‘खासगी मोटारीला नोंदणी कशाला?’ हे पत्र वाचले. भाड्याने न चालणारी गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही, हा त्यातील मुद्दा टिकत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २(२८) यंत्रशक्तीवर रस्त्याने चालणाऱ्या वाहनाची व्याख्या करते. मालक भाडे घेतो का, हे ते विचारतच नाही. रुळांवरची, कारखान्याच्या किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहने आणि चारपेक्षा कमी चाकांची, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहने तेवढी वगळली आहेत.

जाच आहे तो वेगळाच. आमच्या गल्लीत एमएच ०९ (महाराष्ट्रातील कोल्हापूर) आणि केए २३ (कर्नाटकातील चिकोडी) क्रमांकांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कोल्हापूरची गाडी इकडे कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक राहिली, की कलम ४७ नुसार नवा क्रमांक. म्हणजे आधी ना-हरकत दाखला, मग इथला कर आणि तिकडच्या परताव्यासाठी हेलपाटे! माझ्या मेहुण्यांची फाईल अजून गाडीच्या डॅशबोर्डवरच आहे.

– एक वाचक, निपाणी